रुख्माच्या वाटचं ऊन

या, असे पुढं सरकून बसा. मागं बसणाऱ्याला कथा अर्धीच मिळते, हे कीर्तनाला जाणाऱ्या माणसाला वेगळं सांगायला नको. आज मी तुम्हाला एका गच्चीची गोष्ट सांगणार आहे. हिच्यात राजा नाही, ऋषी नाही. सूर्यनारायण मात्र आहे, आणि त्याच्याशी जन्माचं सख्य असलेली एक म्हातारी आहे. मधे लोखंडाचा एक मांडव आला आणि या दोघांची ताटातूट झाली, ती कशी, आणि पुढं काय झालं, ते ऐका.

आमगावात स्टेशनावरून बाजाराकडं निघालं की उजव्या हाताला लखनलाल रहांगडाल्यांची दुमजली इमारत लागते. खाली आटाचक्की आणि मिरची-हळदीचं कांडप, मागं टिनाचं गोदाम, वर लग्नाकार्याचा हॉल. हॉलच्या वर सपाट, ऐसपैस गच्ची. लखनलालजींच्या घरात पोवारी बोलतात, गिऱ्हाइकाशी हिंदी आणि देवाशी मराठी. मार्गशीर्षातला एक आठवडा तो हॉल हरीचा. कितीही मोठ्या घरचं लग्न येवो, त्या आठवड्यात तिथं सप्ताह बसायचा आणि लखनलालजी स्वतः टाळ घेऊन बुवांच्या मागं उभे राहायचे.

खाली चक्कीचा धनी लखनलाल, पण गच्चीची धनीण रुख्मा.

रुख्मा काही त्यांच्या नात्यातली नव्हे. कुणब्याच्या घरची, नवरा गेल्यापासून गोदामामागच्या खोलीत एकटी राहायची. खोलीवर चिंचेची एवढी दाट सावली की उन्हाळ्यात सुख आणि हिवाळ्यात हुडहुडी. रुख्माचं पोट होतं बड्यांवर, म्हणजे कोहळ्याच्या सांडग्यांवर. उडदाची डाळ भिजवायची, पाट्यावर वाटायची, त्यात पिकला कोहळा किसून घालायचा, आणि हातानं फेटून फेटून ते पीठ असं हलकं करायचं की पाण्यात टाकलं तर तरंगलं पाहिजे. मग बाजेवर धोतर पसरून त्यावर एकेक बडी टाकायची आणि कडक ऊन द्यायचं. ऊन कमी पडलं की बडी आंबते, हिरवी पडते, फेकून द्यावी लागते. दिवाळी झाली की संक्रांत उलटेपर्यंत लखनलालजींच्या गच्चीवर रुख्माच्या बाजा मांडलेल्या असायच्या. गोंदियापर्यंतच्या घरांत तिच्या बड्या जायच्या. वांग्यात ती बडी पडली की जेवणारा माणूस बोलायचा थांबायचा.

आणि बाजेच्या कडेला लखनलालजींची बायको तुलसा बसलेली असायची. कावळे हाकलायच्या निमित्तानं.

"का वो तुलसा, कावळा त तिकडं बसला हाय, तू माह्याकडं काऊन पाहून राहिली?"

"तुह्यापेक्षा कावळा सुंदर दिसते म्हणून मिलवून पाहून राहिली."

असं दिवसभर चालायचं. दोघींची मैत्री अशी की भांडल्याशिवाय त्यांना भूक लागायची नाही.

आता लखनलालजींचा मुलगा धनेंद्र. मोठ्या मनाचा, पण घाईचा. मनात आलं की हात चालू. चक्की आणि कांडप त्यानं हाती घेतलं तेव्हा विजेचं बिल पाहून त्याची झोप गेली. त्या सुमारास आपल्याकडं गच्च्यांवर सोलर बसायला लागलं होतं. गोंदियाहून खुशाल नावाचा माणूस आला. हसतमुख, गळ्यात टेप, खिशात टेस्टर. त्यानं चक्कीची मोटर पाहिली, कांडपाची पाहिली, मीटरच्या पेटीतल्या लाल-पिवळ्या-निळ्या तारा पाहिल्या.

"अंकल, आपका थ्री-फेज है," तो म्हणाला. "तो इन्व्हर्टर भी थ्री-फेज का लगेगा. तिन्ही फेजवर सारखी वीज सोडंल. एकाच फेजवर सगळा भार टाकला त काम बिघडते."

लखनलालजी म्हणाले, "समजलं. मृदंग, टाळ आन पेटी. एकानंच जोर केला आन बाकीचे गप बसले त भजन होत नाई."

खुशाल हसला. "हां अंकल, बस वैसेच समझो."

"आन लाइट गेली त? ऊन असलं त चक्की चालंल ना?"

"नहीं अंकल. लाइन गेली की सोलरपण बंद. खांबावर कोणी लाइनमन चढला असंल, त्याले इकडून झटका नको बसायले."

लखनलालजी जरा हिरमुसले. वर सूर्य बसलेला आणि खाली चक्की बंद, हे त्यांच्या मनाला पटेना. पण लाइनमनचं नाव निघाल्यावर ते म्हणाले, "बराबर हाय. कोणाच्या जीवावर आपलं पीठ नको."

गच्चीचं माप घेतलं तेव्हा कळलं की चक्की, कांडप आणि हॉल एवढ्यांचं भागवायचं तर पूर्ण गच्ची प्लेटांनी झाकावी लागणार. तुलसाबाई चहा घेऊन आल्या होत्या. ट्रे तसाच हातात.

"आन रुख्माच्या बाजा?"

धनेंद्रनं कपाळावर हात मारला. रुख्माच्या मांडीवर तो वाढलेला. लहानपणी तिच्या बाजेखाली लपून ओल्या बड्या खायचा आणि पोट धरून रडायचा. तो तिथल्या तिथं म्हणाला, "माय, काकीची जागा मी जाऊ देईन का? खुशालभाऊ, प्लेटा जमिनीवर नको. उंच खांब करा. मांडवासारखं. माणूस खालून सरळ चाललं पाहिजे. खर्च जास्त लागला त लागू दे. वर माह्या प्लेटा, खाली काकीच्या बाजा."

खुशालनं मान डोलावली. बड्या त्यानं आयुष्यभर खाल्ल्या होत्या, वाळवल्या कधी नव्हत्या. त्याला काय, उंच म्हणजे उंच.

रुख्माला बोलावून हे सांगितलं तेव्हा तिनं त्या पोराच्या तोंडाकडं पाहिलं. मग पदरानं तोंड पुसून म्हणाली, "चांगलं होईन बापू. लय चांगलं होईन." आणि त्याच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली.

तुमच्या ध्यानात आलं असेल. पण भादव्याचे दिवस होते, आभाळ सतत भरलेलं. खांब उभे राहिले, वर कैच्यांचा लोखंडी सांगाडा बसला, प्लेटा दक्षिणेकडं तोंड करून तिरप्या लागल्या, आणि या सगळ्या दिवसांत जमिनीवर कशाचीच सावली पडली नाही. सगळ्यांच्या मनात रुख्माची जागा म्हणजे फरशी. फरशी तर जशीच्या तशी होती. उलट झाडून-पुसून दिली होती. येणारी-जाणारी वीज मोजणारं नवं मीटर लागलं त्या दिवशी नारळ फुटला, तो रुख्माच्याच हातानं. धनेंद्रची बायको रविता तिला नवं लुगडं नेसवून घेऊन आली होती. काय वैभव त्या दिवसाचं! प्रेमानं देणारे चुकतात ते असे, हातचं काही न राखता.

मग आभाळ उघडलं. दिवाळी झाली, कोहळे पिकले. रुख्मानं डाळ भिजवली, पीठ फेटलं आणि बाज घेऊन गच्चीवर गेली.

तुलसाबाई गुडघ्यावर हात देत मागून जिना चढल्या. वर पाहतात तर गच्चीभर थंडगार सावली, आणि मधोमध रुख्मा पीठ घेऊन बसलेली.

तुलसाबाईंनी एकदा वर पाहिलं, एकदा खाली पाहिलं. आणि त्यांना हसू फुटलं. पोट धरून हसल्या. "अवो, हे काय वो! एवढे शिकलेले, एवढे शाहणे, आन ऊन कोणालेच नाई आठवलं!"

रुख्मा हसली नाही. ते पाहून तुलसाबाईंचं हसू जागीच थांबलं.

"रुख्मा. तुले माहीत होतं?"

"खांब पाहिले तवाच समजलं."

"आन तू सांगतलं काऊन नाई?"

"कसं सांगू वो? त्या पोरानं हौसेनं माह्यासाठी खांब उंच केले. सांगतलं असतं त त्याचं तोंड केवढुसं झालं असतं." तिनं पिठाचं भांडं झाकलं. "तू पण सांगजो नको. तुले माही शपथ. अर्जुनी मोरगावले माहा भाचा हाय. त्याच्या घरी मोठं आंगण हाय, बोलावून राहिला. संक्रांत झाली का जाईन मी. म्हातारी भाच्याकडं गेली, एवढंच. कोणाचं काई बिघडत नाई."

"आन माहं?"

रुख्मानं बाजेवर पसरलेलं धोतर गुंडाळलं. दोघी सावलीत बसल्या. कावळेही आले नाहीत.

पण शपथ ती शपथ. तुलसाबाईंनी कोणाला सांगितलं नाही. त्यांनी एक केलं. हिवाळ्याचं ऊन तिरपं असतं. सकाळी ते पूर्वेच्या कठड्यावरून मांडवाखाली थोडं शिरायचं, दुपारी दक्षिणेकडून, कललं की पश्चिमेकडून. तेवढ्या पट्ट्यात बाज राहायची, पण ऊन काही एका जागी बसत नाही. म्हणून दोघी म्हाताऱ्या दिवसभर बाज ओढत उन्हाच्या मागं फिरायच्या. एकीचे गुडघे गेलेले, दुसरीची कंबर.

"ओढ वो, ओढ. खाऊन खाऊन लठ्ठ झाली नुसती."

"तुह्याच बड्या खाऊन झाली. खांब पाह्य, खांब! ठेचलं ना माहं बोट!"

एवढं करूनही निम्म्या बड्या आंबायच्या. आणि खाली चक्कीवर धनेंद्र प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐटीत सांगायचा, "वर प्लेटा, खाली काकीच्या बड्या. पूर्ण जिल्ह्यात असा जुगाड नाई." हे कानावर पडलं की तुलसाबाई तोंडात पदर धरायच्या.

असा मार्गशीर्ष आला. हॉलमध्ये सप्ताह बसला. शेवटच्या दिवशी सकाळी चैतरामबुवांचं काल्याचं कीर्तन. आमच्या भागात चैतरामबुवा म्हणजे गोड गळा आणि तिखट जीभ. हॉल गच्च भरलेला. बुवांनी गोपाळांच्या शिदोऱ्या सोडायला घेतल्या. कोणाची भाकर, कोणाचं दही, कोणाचा नुसता कांदा, आणि सगळं एकत्र कालवून देव स्वतःच्या हातानं घास भरवतो आहे. ऐकताना माणसांचे डोळे भरले होते. इतक्यात वरून, स्लॅबमधून, आवाज आला. खर्रर्र.

बुवा थांबले. पुन्हा सूर धरला. गोपाळांना घास लागतो न लागतो तोच पुन्हा, खर्रर्र, धप्.

"लखनलालजी," बुवा वर पाहत म्हणाले, "वरच्या मजल्यावर कोणता देव राहते तुमचा? सामान हलवून राहिला वाटते. आमचं कीर्तन आवडलं नाई म्हणून घर सोडून चालला का?"

हॉल हसला. लखनलालजी मात्र ओशाळले. हरीच्या कामात विघ्न, तेही आपल्याच घरून! टाळ खाली ठेवून ते तावातावानं जिना चढले. मागं धनेंद्र.

वर आले आणि दारातच थबकले. तुलसाबाई बाजेच्या एका टोकाला, रुख्मा दुसऱ्या टोकाला. दोघींच्या अंगावर घाम. उन्हाचा एवढासा पट्टा खांबापलीकडं सरकला होता आणि त्या बाज तिथं नेत होत्या. बाजेचा एक पाय खांबाला अडला होता. कोपऱ्यात हिरव्या पडलेल्या बड्यांचं टोपलं.

लखनलालजी रागवायला आले होते. त्यांनी बाज पाहिली, पट्टा पाहिला, मान वर करून प्लेटा पाहिल्या. त्यांच्या तोंडून एवढंच निघालं, "अरे देवा."

धनेंद्रला सगळ्यात शेवटी कळलं. तो टोपल्याजवळ गेला, एक बडी उचलून नाकाशी नेली आणि हळूच परत ठेवली.

"काकी," तो म्हणाला, "तू मले सांगतलं काऊन नाई?"

"काई नाई झालं बापू. थंडीचे दिवस, अंग हलवलेलं बरं रायते."

"सांग ना त्याले अर्जुनीचं!" तुलसाबाई एकदम ओरडल्या. शपथ राहिली बाजूला. "चालली ते. संक्रांत झाली का भाच्याकडं चालली. तुहं तोंड उतरू नाई म्हणून मुकाट्यानं चालली. आन मी इथं कोणासंगं भांडू?" आणि त्या कठड्याशी बसून रडू लागल्या.

धनेंद्रनं इकडं तिकडं पाहिलं. खुशालच्या माणसांनी विसरलेला पाना खांबाशी पडला होता. तो त्यानं उचलला, कोपऱ्यातली शिडी लावली आणि भराभर वर चढला. मी सांगितलं ना, मनात आलं की हात चालू.

"अरे, काय करून राहिला?" लखनलालजी ओरडले.

"काढून टाकतो. ही अख्खी लाइन काढून टाकतो."

"उतर! करंट हाय त्यात! खुशालनं काय सांगतलं होतं? ऊन हाय तोवर प्लेट जित्ती रायते. मेन बटन बंद केलं तरी वरच्या तारेत करंट रायते!"

"मरू दे मले. मीच बसवलं हे, मीच काढतो." पाना नटाला लागला होता.

वर निळं आभाळ, स्वच्छ ऊन. प्लेटा तापलेल्या. कोणाला काही सुचेना. लखनलालजी शिडीखाली हात पसरून उभे, जसं काही पोरगं पडलं तर झेलणारच होते.

तेव्हा रुख्मा शिडीशी आली. वर पाहून म्हणाली, "धनू, उतर."

"नाई."

"उतर रे बाबू. मी नाई जात अर्जुनीले."

पाना थांबला.

"खरं सांग."

"खरं."

"अशी नाई. माह्या डोक्याची शपथ घे."

"घेते ना! तुह्या डोक्याची शपथ, मी कुठंच जात नाई. आन याच्या पुढं जे दुखंल ते तोंडानं सांगंन. आता उतर, नाई त मी चढते वर!" आणि तिनं खरोखर लुगड्याचा काचा मारून पहिल्या दांडीवर पाय ठेवला.

तो उतरला. ती त्याच्या पाठीत धपाधप मारू लागली आणि मारता मारता तिनं त्याला पोटाशी धरलं. तेवढा मोठा बाप्या माणूस, कांडपाच्या मिरचीला न रडणारा, तिच्या खांद्यावर डोकं ठेवून रडला.

जिन्यात पाय वाजले. कीर्तन सोडून बुवा वर आले होते, गळ्यात वीणा तशीच, आणि त्यांच्या मागं अर्धा हॉल. बुवांनी सगळं पाहिलं. खाली मान घालून ते म्हणाले, "काल्याची हंडी वर आणा. मी खाली गोपाळ सांगून राहिलो होतो. गोपाळ इथं हायेत."

त्या सकाळी काला गच्चीवर वाटला गेला. पहिला घास बुवांनी रुख्माच्या हातावर ठेवला. तिनं तो अर्धा केला आणि तुलसाबाईंच्या तोंडात घातला. "खा. रडून रडून सुकली."

पुढचं काम खुशालनं रीतीनं केलं. ऊन उतरल्यावर प्लेटांवर जाड ताडपत्र्या घातल्या, तारांची जोडणी सोडवली आणि दक्षिणेकडच्या ओळी उतरवल्या. त्यांतल्या बसल्या तेवढ्या मागच्या गोदामाच्या टिनावर लावल्या. ते टिन पश्चिमेकडं उतरतं, म्हणून त्या प्लेटांची तार इन्व्हर्टरच्या दुसऱ्या तोंडात वेगळी जोडली. "अंकल, आता पहिल्यासारखी वीज नाई निघणार," त्यानं आधीच सांगून टाकलं. "इन प्लेटों को सिर्फ दोपहर बाद की धूप मिलेगी."

लखनलालजी म्हणाले, "मिळंल तेवढी घेऊ. कांडप सकाळच्या ऐवजी दुपारी चालवू. मिरची काही पळून जात नाई."

गच्चीच्या दक्षिण भागावर दिवसभर ऊन पडू लागलं. बाज आता एका जागी राहायची. आणि तुलसाबाईंना पुन्हा दिवसभर भांडायला मिळालं. धनेंद्रनं गिऱ्हाइकांना ऐट सांगायचं सोडलं नाही, फक्त बोलणं बदललं. "अर्ध्या गच्चीवर माहं सोलर, अर्ध्या गच्चीवर काकीचं."

रुख्मानं शपथ पाळली. कुठं गेली नाही. दुखलं की सांगायचंही शिकली. इतकं शिकली की रविता म्हणायची, काकी आधी गप होती तेच बरं होतं. काही वर्षांनी एका फाल्गुनात, दिवसाउजेडी, लखनलालजींच्याच घरी, तुलसाबाईंच्या मांडीवर डोकं ठेवून तिनं डोळे मिटले. भाचा अर्जुनीहून आला, पण मडकं धनेंद्रनं धरलं. त्याला कोणी विचारलं नाही, त्यानंही कोणाला विचारलं नाही.

माझं सांगणं संपलं. तुम्ही आता उठाल, आपापल्या कामाला लागाल. माझी एवढीच विनंती आहे. आज सांजेला देवापुढं हात जोडाल तेव्हा आपल्या माणसांच्या नावांमागं एक नाव माझ्यासाठी घ्या. आमगावची रुख्मा. तिला पोरबाळ नव्हतं. आठवण काढणारे जितके होतील तितके तिचेच.